एकाच सीटीला एक रिपोर्ट म्हणतो ग्रेड ४, दुसरा म्हणतो ग्रेड २. दोन डॉक्टरांचं किती जुळतं?

ओंजळ
नमस्कार मंडळी. खूप दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

अकरा दिवसांपूर्वी सकाळी केस विंचरताना आईच्या डोक्यात एकदम कळ आली. ‘मागून कोणी मारलं का गं?’ असं म्हणाली आणि तिथेच खाली बसली. मग उलटी, मान ताठ. जवळच्या हॉस्पिटलात सीटी केला, तर मेंदूच्या पृष्ठभागावर रक्तस्राव, ज्याला एसएएच म्हणतात तो. तिथे पुढची सोय नव्हती म्हणून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. अँजिओग्राफीत धमनीवर फुगा सापडला, तो कॉइल घालून बंद केला. आई शुद्धीवर आहे, बोलते, सगळ्यांना ओळखते.

पण कागद हातात आले आणि माझी झोप उडाली. पहिल्या हॉस्पिटलच्या रिपोर्टमध्ये शेवटी ‘ग्रेड ४’ लिहिलंय. दुसऱ्या हॉस्पिटलच्या कागदावर ‘२’. स्कॅन दोनदा काढलेला नाही. जी सीडी आम्ही घेऊन गेलो तीच त्यांनी वाचली. भाऊ म्हणतो पहिल्यांनी उगाच घाबरवलं. मावशी म्हणते दुसरे आपल्यापासून लपवताहेत. डॉक्टरांना विचारलं तर ‘आई ठीक आहेत, आकड्यात अडकू नका’ एवढंच म्हणाले.

मेंदूतल्या रक्तस्रावाची ही प्रतवारी ठरते कशी? आणि एकच चित्र पाहणाऱ्या दोन डॉक्टरांमध्ये इतका फरक पडतो का?

पानगळ
आई बोलतेय, ओळखतेय, हे सगळ्यात मोठं. तुम्हीही जेवत-झोपत जा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

सडेतोड
यात विचार करण्यासारखं काय आहे? एकाने चूक केलीय. २ आणि ३ असतं तर समजू शकतो, इथे दोन पायऱ्यांचा फरक आहे. दोन्हीकडे लेखी खुलासा मागा. नातेवाईक गप्प बसतात म्हणून हे चालतं.

रात्रपाळी
ओंजळ, मी रेडिओलॉजिस्ट आहे, रात्रीच्या ड्यूट्या जास्त करतो. स्कॅन न पाहता तुमच्या आईबद्दल मत देणार नाही, पण तुमच्या प्रश्नाबद्दल बरंच सांगता येईल.

आधी एक पाहा: ‘ग्रेड’ या शब्दाच्या आधी काय लिहिलंय? रक्तस्राव मोजायची एकच एक पट्टी नाही. एसएएचपुरतं बोलायचं तर हंट आणि हेस यांची १९६८ची पट्टी रुग्णाकडे पाहून ठरते: डोकेदुखी किती, मान ताठ आहे का, शुद्ध कशी, हातापायांत ताकद किती. न्यूरोसर्जनांच्या जागतिक महासंघाची १९८८ची पट्टी शुद्ध मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर उभी आहे. या दोन्हींचा सीटीशी संबंध नाही. सीटी पाहून ठरते ती फिशर यांची १९८०ची पट्टी आणि तिच्यावरून पुढे बेतलेली सुधारित फिशर. मेंदूच्या आत रक्ताची गाठ झाली तर आणखी वेगळा हिशेब, डोक्याला मार असेल तर मार्शल किंवा रॉटरडॅम, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी त्याहून वेगळी पट्टी. एकाच माणसाच्या फाइलमध्ये तीन निरनिराळे ‘ग्रेड’ असू शकतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात.

त्यामुळे सडेतोड, लेखी खुलासा मागायच्या आधी पट्टीचं नाव वाचू या.

ओंजळ
दोन्ही कागद पुन्हा काढून बसले. पहिल्यात नुसतंच ‘ग्रेड ४’, आधी काही नाही. दुसऱ्यात ‘एमएफएस २’.

वर्णन मात्र दोन्हीकडे जवळपास सारखं वाटतंय. दोघांनीही लिहिलंय की तळाच्या सिस्टर्नमध्ये (मेंदूबाहेरच्या पाण्याच्या जागेत) आणि डाव्या सिल्व्हियन फिशरमध्ये रक्ताचा पातळ थर, आणि दोन्ही लॅटरल व्हेंट्रिकलच्या (मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या) मागच्या शिंगांत थोडं रक्त. मला वाटलं होतं की फिशर ग्रेड म्हणजे त्या सिल्व्हियन फिशरमध्ये किती रक्त आहे त्याचा ग्रेड. दोन दिवस तेच धरून वाचत होते.

निळी_शाई
ही आपल्या लिपीची गंमत आहे. पट्टीवाले फिशर हे डॉक्टरांचं आडनाव. सिल्व्हियन फिशर म्हणजे मेंदूच्या दोन खंडांमधली खोल खाच. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, देवनागरीत दोन्ही ‘फिशर’च. वैद्यकीय अनुवाद करताना मीही इथे अडखळले होते. तेव्हापासून मी खाचेला ‘सिल्व्हियन खाच’च लिहिते.

रात्रपाळी
वर्णन दिलंत ते बरं झालं, आता उलगडा होतो. मीही यापुढे खाचच लिहितो.

जुनी फिशर पट्टी अशी: १ म्हणजे सीटीत रक्त दिसत नाही. २ म्हणजे पसरलेला थर, १ मिमीपेक्षा पातळ. ३ म्हणजे १ मिमी किंवा त्याहून जाड थर, नाहीतर एका जागी गुठळी. आणि ४ म्हणजे मेंदूच्या गाभ्यात किंवा व्हेंट्रिकलमध्ये रक्त, बाहेरचा थर पसरट असो नाहीतर अजिबात नसो.

सुधारित पट्टीत, म्हणजे तुमच्या कागदावरच्या ‘एमएफएस’मध्ये, दोनच प्रश्न विचारतात. थर पातळ की जाड? व्हेंट्रिकलमध्ये रक्त आहे की नाही? पातळ आणि नाही तर १, पातळ आणि आहे तर २, जाड आणि नाही तर ३, जाड आणि आहे तर ४. रक्तच नसेल तर शून्य.

आता तुमच्या आईचं वर्णन दोन्हींत बसवून पाहा. पातळ थर, दोन्ही व्हेंट्रिकलमध्ये रक्त. जुन्या पट्टीने ४, सुधारित पट्टीने २. दोघांनी तेच पाहिलं आणि तेच लिहिलं. कोणी घाबरवलं नाही, कोणी लपवलं नाही. पहिल्यांनी पट्टीचं नाव लिहिलं असतं तर तुमच्या घरातला वाद झालाच नसता, आणि ते न लिहिणं हा मी दोषच मानतो.

आणखी एक. जुन्या पट्टीत ४ हा सर्वात वाईट आकडा नाही. फिशर यांना ४७ रुग्णांवरून सांगायचं होतं ते एवढंच, की कोणाच्या धमन्या पुढच्या दिवसांत आकसतील. त्यांच्या पाहणीत सर्वात जास्त धोका ३मध्ये होता, ४मध्ये नव्हता. पायरी चढली की धोका वाढतो हे गणित त्या पट्टीत बसत नाही. म्हणून तर ती सुधारावी लागली. २००६मध्ये १३५५ रुग्णांच्या माहितीवर दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा सुधारित पट्टीचा आकडा आणि धमनी आकसण्याचा धोका जास्त सरळ जुळत गेला.

ओंजळ
डोळ्यांत पाणी आलं वाचून. मावशीला फोन करून सगळं वाचून दाखवलं. उद्या पहिल्या हॉस्पिटलला फोन करून कोणती पट्टी होती ते विचारते.

सडेतोड
माझे शब्द मागे घेतो, ओंजळताई. माझ्या वडिलांच्या वेळी मला असंच गोंधळात टाकलं होतं, तो राग इथे निघाला.

पण मूळ प्रश्न उरतोच. पट्टी एकच असती तर दोघांचं जुळलं असतं का?

गणिती
सडेतोड यांनी नेमका प्रश्न विचारला. माझं काम आकडेवारीचं, वैद्यकीय संशोधनवाल्यांबरोबर बरीच वर्षं बसतो.

‘किती जुळतं’ हे टक्क्यांत सांगितलं की फसगत होते. समजा दोन डॉक्टर, १०० स्कॅन आणि प्रश्न एकच: बारीक रक्तस्राव आहे का? ९२ स्कॅनना दोघेही ‘नाही’ म्हणाले. २ला दोघेही ‘हो’. ३ला फक्त पहिला ‘हो’, ३ला फक्त दुसरा ‘हो’. जुळले किती? १००पैकी ९४. ऐकायला छान वाटतं. पण दोघेही १००तल्या ९५ला ‘नाही’च म्हणताहेत. स्कॅन न बघता त्याच प्रमाणात ‘हो’ आणि ‘नाही’ वाटले असते तरी साधारण ९०.५ ठिकाणी आपोआप जुळलं असतं. म्हणजे खऱ्या कौशल्याने जुळायला जागा होती ९.५ची आणि त्यातले मिळवले ३.५. भागाकार ०.३७. यालाच कप्पा (ग्रीक अक्षराचं नाव) म्हणतात, कोहेन यांनी १९६०मध्ये मांडलेला. १ म्हणजे पूर्ण जुळणी, शून्य म्हणजे योगायोगापलीकडे काही नाही.

१९७७मध्ये लँडिस आणि कॉख यांनी कप्प्याला नावं दिली: ०.२१ ते ०.४० बरी, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० भरीव, त्यावर जवळजवळ पूर्ण. ही नावं त्यांनी सोयीसाठी दिली होती, पण आता लोक ती कायद्यासारखी वापरतात. त्याचा मला मनापासून त्रास होतो. पेशंटचा निर्णय ज्या ठिकाणी फिरतो तिथे ‘भरीव’ही पुरेसं नसतं.

प्रतवारीसाठी आणखी एक पथ्य. ग्रेड १ आणि २मध्ये चुकणं आणि १ आणि ४मध्ये चुकणं सारखं नाही, म्हणून दूरच्या चुकीला जास्त दंड लावणारा भारित कप्पा वापरावा. पेपर वाचताना कोणता कप्पा आहे ते बघत जा. त्याच आकडेवारीवर भारित कप्पा सहसा देखणा दिसतो.

चष्मेवाला
गणिती, पटलं नाही. तुमच्या उदाहरणात आजारच दुर्मीळ आहे, मग कप्पा पडणारच. ९४ ठिकाणी जुळलं ते काय खोटं? इमर्जन्सीत ९२ माणसं निर्धास्त घरी जातात ती त्या जुळण्यामुळेच.

गणिती
तुमचा आक्षेप रास्त आहे, तो कप्प्याचा ओळखीचा दोषच आहे. दुर्मीळ गोष्टीत तो कडक होतो. म्हणून मी दोन्ही आकडे मागतो आणि शक्य असेल तर तो चार खणांचा तक्ताच मागतो. वरच्या तक्त्यात ज्या ८ स्कॅनना निदान एकाने ‘हो’ म्हटलं, त्यातल्या फक्त २ला दुसरा सोबत होता. घरी गेलेल्यांसाठी ९४ महत्त्वाचे. त्या आठांसाठी ८पैकी २.

आणि जुळणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. दोघेही एकाच ठिकाणी एकसारखे चुकू शकतात, कप्पा तेव्हाही १ येईल.

पाळणा
आमचं बाळ २९व्या आठवड्यात झालं. तिसऱ्या दिवशी टाळूवर प्रोब ठेवून सोनोग्राफी केली: ‘डावीकडे ग्रेड १’. सातव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी केली: ‘नॉर्मल’. दहाव्या दिवशी पुन्हा ग्रेड १. त्या आठवड्यात आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोललोही नाही. आकडा आला की मी रडायचे, गेला की नवरा म्हणायचा, बघ मी सांगत होतो.

मग युनिटमधल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनसमोर बसवून दाखवलं. बाळाच्या मेंदूत एक छोटीशी खाच असते, तिच्या पुढच्या टोकाशी नाजूक रक्तवाहिन्यांचा पुंजका, तिथला स्राव म्हणजे ग्रेड १. पण शेजारीच व्हेंट्रिकलमधली एक नेहमीची जाळी असते, तीही तशीच पांढरी दिसते. प्रोब केसभर तिरका झाला तरी ही ती वाटते आणि ती ही. ‘मोठा रक्तस्राव आम्ही सहसा चुकवत नाही, या बारक्या ठिपक्यावर मात्र आमचं आपसांतही जुळत नाही,’ असं त्या स्वच्छ म्हणाल्या. त्या एका वाक्याने मला जितका धीर आला तितका कोणत्याच रिपोर्टने आला नव्हता.

लेक आता सहा वर्षांची आहे, सायकल चालवते.

रात्रपाळी
पाळणाताई, त्या बाईंचं म्हणणं अभ्यासांतही तसंच दिसतं: ग्रेड ३-४वर स्कॅन वाचणाऱ्यांचं चांगलं जुळतं, ग्रेड १-२वर घसरतं. ती पट्टी पॅपिले आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये ४६ बाळांवरून मांडली आणि तीही सीटीवर. आज ती टाळूच्या सोनोग्राफीला लावतात. एका यंत्रावर जन्मलेली पट्टी दुसऱ्या यंत्रावर वापरली की कडा धूसर होणारच. शिवाय ग्रेड ४चा अर्थही बदलला. तो आता रक्त बाहेर फुटून पसरणं मानत नाहीत. शिरेत अडथळा येऊन झालेला इजेचा भाग मानतात. आकडा तोच राहिला.

तिसरा_मजला
न्यूरोमध्ये रेसिडेंट आहे. मेंदूच्या आतल्या गाठीचं सांगतो, कारण आमच्याकडे रोजचं काम तेच.

गाठीचं घनफळ काढायची खाटेजवळची रीत म्हणजे ए गुणिले बी गुणिले सी भागिले दोन. सीटीच्या ज्या कापात (एकेका थराच्या चित्रात) गाठ सर्वात मोठी दिसते तिथली लांबी ए, तिला काटकोनातली रुंदी बी, आणि जितक्या कापांत गाठ दिसते ते काप गुणिले कापाची जाडी म्हणजे सी. गेल्या महिन्यातला हिशेब देतो. ए ५ सेमी, बी ४ सेमी, काप ५ मिमीचे. मी सहा काप मोजले: सी ३ सेमी, घनफळ ३० मिली. सीनियर आले, शेवटच्या कापावर बोट ठेवून म्हणाले, ‘हा अर्धाच धर.’ नियम असा की सर्वात मोठ्या कापाच्या ७५ टक्क्यांहून जास्त गाठ असेल तर काप पूर्ण धरायचा, २५ ते ७५मध्ये अर्धा, त्याखाली सोडून द्यायचा. माझ्या डोळ्याला तो कडेचा काप पूर्ण वाटला होता, त्यांच्या डोळ्याला अर्धा. साडेपाच काप, सी २.७५, घनफळ २७.५.

अडीच मिलीने काय होतं? अशा गाठीचा धोका मोजणाऱ्या आयसीएच स्कोअरमध्ये ३० मिलीला एक गुण आहे. बाकीचे गुण शुद्धीला, व्हेंट्रिकलमधल्या रक्ताला, गाठ मेंदूच्या खालच्या भागात असण्याला आणि ८० वर्षांच्या वयाला. २००१च्या मूळ पाहणीत, १५२ रुग्णांत, दोन गुणांवर महिन्याभरात २६ टक्के दगावले होते आणि तीन गुणांवर ७२ टक्के. माझ्या पेशंटचे माझ्या हिशेबाने तीन होत होते, सरांच्या हिशेबाने दोन. बाहेर मुलगा उभा होता, त्याला काय सांगायचं हे त्या अर्ध्या कापावर टांगलं होतं.

सरांनी त्याला दोन्हींतला कोणताच टक्का सांगितला नाही. ‘गाठ मध्यम आहे, पुढचे दोन दिवस बघू’ एवढंच म्हणाले. नंतर मला म्हणाले की पहिल्याच दिवशी स्कोअर पाहून घरच्यांनी उपचार आवरते घेतले, तर स्कोअर खरा ठरणारच. मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत अशा मर्यादा घालू नयेत.

सिस्टर_आयसीयू
आणि त्या स्कोअरमधली शुद्ध तरी कुठे सगळ्यांची सारखी येते! नळी घातलेल्या पेशंटचं बोलणं कसं मोजणार? झोपेचं औषध चालू असताना घेतलेला कोमा स्केल आणि थांबवून घेतलेला, दोन वेगळी माणसं वाटतात. आम्ही चार्टवर ‘औषध चालू’ असं शेजारी लिहितो. ते सगळे वाचत नाहीत याचं वाईट वाटतं.

यंत्रयुग
मग मशीनला का देत नाही? एआय दमत नाही, रात्री तीन वाजता तोच हिशेब, गाठीचं घनफळ एकेका ठिपक्याने मोजेल. माणसाचा डोळाच काढून टाका मधून.

गणिती
घनफळाबद्दल मान्य, तिथे मशीन खरंच एकसारखं मोजतं. पण त्याला ‘हे रक्त’ असं शिकवलं कोणी? रेडिओलॉजीवाल्यांनी २०१९मध्ये मोठी स्पर्धा घेतली होती, २५ हजारांहून जास्त डोक्याचे सीटी, रक्तस्रावाचे पाच प्रकार. ती लेबलं ६०हून अधिक तज्ज्ञांनी लावली. सीक्यू५०० नावाच्या संचात ४९१ स्कॅन आहेत, प्रत्येक तीन रेडिओलॉजिस्टनी वेगवेगळा वाचलेला, आणि जिकडे बहुमत तेच उत्तर. म्हणजे मशीनच्या परीक्षेची उत्तरपत्रिका माणसांच्या मतदानातून आलीय. दोन विरुद्ध एक असा निकाल लागलेल्या स्कॅनवर मशीन ‘चुकलं’ तर चूक कोणाची?

अवांतर_प्रेमी
अवांतर: पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी १ ऑक्टोबर १९७१ला निघाला, लंडनच्या विम्बल्डनमध्ये. चित्रातल्या राखाडी छटांचं एकक हाउन्सफील्ड यांच्या नावाचं, १९७९चं नोबेल त्यांना आणि कॉरमॅक यांना मिळून मिळालं. पाणी शून्य, हवा उणे हजार. साकळलेलं ताजं रक्त साधारण ५० ते ७०. छटा जर आकड्यात मोजता येते तर वाद कशाचा, असं माझ्यासारख्याला वाटतं.

रात्रपाळी
अवांतर नाही, वादाचं मूळच तिथे आहे. आकडा ठिपक्याचा असतो. काप ५ मिमीचा आणि रक्ताचा थर १ मिमीचा असेल तर एकाच ठिपक्यात थोडं रक्त, थोडं पाणी, थोडा मेंदू येतो आणि सरासरी मेंदूसारखीच दिसते. कवटीच्या तळाशी हाडामुळे पट्टे पडतात. रुग्णाचं हिमोग्लोबिन फार कमी असेल तर ताजं रक्तही मेंदूच्याच छटेचं दिसू शकतं. मेंदूबाहेरची सबड्युरल गाठ दोन-तीन आठवड्यांनी मेंदूसारखीच राखाडी होते. गुठळी काढायची प्रक्रिया झालेल्या स्ट्रोकच्या पेशंटमध्ये झिरपलेलं काँट्रास्ट (तपासणीसाठी टोचलेलं द्रव्य) रक्तासारखं पांढरं दिसतं, तिथे दुहेरी ऊर्जेचा सीटी लागतो. आणि स्क्रीनची विंडो, म्हणजे छटांचा कोणता पट्टा दाखवायचा ते, कोण किती ठेवतो? मी मेंदूसाठी रुंदी ८०, पातळी ४० ठेवतो, पण कवटीला चिकटलेला पातळ थर त्यात हाडाच्या पांढऱ्यात बुडून जातो. विंडो रुंद केली की वर येतो. घाईत ती एक क्लिक राहून जाते.

मी गेल्या वर्षी एक प्रयोग केला. माझेच जुने ४० एसएएच स्कॅन सहकाऱ्याकडून नावं झाकून घेतले आणि पुन्हा ग्रेड दिले. व्हेंट्रिकलमध्ये रक्त आहे की नाही, यात मी एकदाच बदललो. थर जाड की पातळ, यात सात वेळा बदललो. तीच खुर्ची, तोच स्क्रीन, तोच मी. त्या दिवसापासून मी नुसतं ‘जाड’ लिहीत नाही, कोणत्या सिस्टर्नमध्ये जास्तीत जास्त किती मिमी ते लिहितो.

सांजवेळ
सासऱ्यांना विस्मरणाचा आजार आहे. लेकॅनेमॅब नावाच्या औषधाचा विचार चालू होता. त्याच्या मुख्य चाचणीत चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव असलेल्यांना घेतलं नव्हतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी एमआरआय मागवला. एका रिपोर्टमध्ये चार, दुसऱ्या मतात पाच. एका ठिपक्यावर औषध अडलं!

रात्रपाळी
तुमचा त्रास समजतो. सूक्ष्म रक्तस्राव म्हणजे एमआरआयवरचे काळे गोल ठिपके. कॅल्शियमचा कण, आडवी कापली गेलेली बारीक शीर, हेही तसेच काळे दिसतात. शिवाय ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रावर, संवेदनशील पद्धतीने काढलेल्या चित्रात ठिपके जास्त दिसतात, जुन्या पद्धतीत कमी. मोजणी एकसारखी व्हावी म्हणून २००९मध्ये दोन मोजपट्ट्या आल्या, मार्स आणि बॉम्ब्स, दोन्हींत ‘नक्की’ आणि ‘शंकास्पद’ ठिपके वेगळे मांडतात. दोन्ही डॉक्टरांना तो पाचवा ठिपका नक्की की शंकास्पद, एवढंच विचारा. आणि औषध सुरू झालंच तर पुढचे सगळे एमआरआय त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने काढा. उपचारादरम्यान नवे ठिपके चारपर्यंत सौम्य, पाच ते नऊ मध्यम, दहा आणि वर गंभीर मानतात. तिथे यंत्र बदललं तर ठिपके खरोखर वाढले की नुसते दिसू लागले, कळणार नाही.

हिरवा_गाऊन
न्यूरोसर्जन म्हणून थोडा विरोध नोंदवतो. तुम्ही सगळे ग्रेडबद्दल बोलताय, मी ग्रेड वाचून टेबलवर कोणाला घेत नाही. सबड्युरल गाठ १० मिमीहून जाड किंवा मेंदूची मधली रेघ ५ मिमीहून सरकलेली, कवटीलगतची एपिड्युरल ३० मिलीहून मोठी, लहान मेंदूतली गाठ १५ मिली आणि खाली दाब, असे आकडे मी पाहतो, फिल्म स्वतः पाहतो आणि पेशंटच्या बाहुल्या पाहतो. रिपोर्टमधल्या ग्रेडवर इतका वेळ घालवणं मला पटत नाही.

तिसरा_मजला
सर, आदराने सांगतो, तुम्ही दिलेले आकडेही कोणीतरी मोजलेलेच असतात. मधली रेघ ४.८ की ५.२, हे कॅलिपर कुठे ठेवला त्यावर आहे. गाठ वाढली म्हणजे काय, तर ३३ टक्के किंवा ६ मिलीहून जास्त. सकाळी एकाने मोजली, संध्याकाळी दुसऱ्याने, तर वाचणाऱ्यातलाच फरक वाढ म्हणून लिहिला जाऊ शकतो. मी तसं होताना पाहिलंय.

हिरवा_गाऊन
वाढीचं बोललात ते खरं. त्यासाठी आमच्याकडे सकाळची फिल्म शेजारी उघडून एकच माणूस दोन्ही मोजतो. निर्णय सीमेवर असेल तर मी आकड्याऐवजी दोन तासांनी पेशंट पुन्हा बघतो. ग्रेडबद्दलचं मत मात्र कायम.

ओंजळ
उशीर झाला, माफ करा. पहिल्या हॉस्पिटलमध्ये फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी स्वतः परत फोन केला, म्हणाले जुनी फिशरच होती, नाव लिहायला हवं होतं. सुधारून रिपोर्ट पाठवला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी विभागाच्या बैठकीत आईचा स्कॅन दाखवला, तेव्हा आणखी एका रेडिओलॉजिस्टनी डाव्या सिल्व्हियन खाचेतला थर ‘जाड’ म्हटला. म्हणजे सुधारित पट्टीनेही ४. आमच्याकडे आता दोन ४ आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. मी विचारलं, जाड कशाला म्हणता? एकांचं म्हणणं, खाच पूर्ण भरलेली असेल तरच जाड. दुसऱ्यांचं म्हणणं, १ मिमीच्या वर गेलं की जाड. मोजला तर सर्वात जास्त ३ मिमी आणि खाच अर्धीच भरलेली.

औषधात याने फरक पडणार का, हे विचारलं. म्हणाले, निमोडिपिन दोन्ही ग्रेडला एकवीस दिवस तेच, दर चार तासांनी. फरक एवढाच की चौथ्या ते चौदाव्या दिवसात धमन्या आकसायची भीती जास्त असते, आणि वाद आहे म्हणून त्यांनी आईला वरच्या ग्रेडचीच धरून रोज डॉपलर (धमन्यांतला प्रवाह पाहणारी तपासणी) केला.

रात्रपाळी
अर्धी भरलेली खाच आणि ३ मिमी. माझे ते सात बदललेले स्कॅन बहुतेक असेच होते. वाद असताना वरचा ग्रेड धरून लक्ष ठेवलं हे उत्तम केलं त्यांनी. ओंजळ, डिस्चार्जच्या कागदावर हे मोजमाप आणि मतभेद दोन्ही लिहून घ्या. पुढे कधी स्कॅन झाला तर वाचणाऱ्याला ते लागेल.

पानगळ
आता कशा आहेत आई?

ओंजळ
परवा एकवीस दिवस झाले. रात्री दोनचा गजर बंद केला. चालताना थोडं डावीकडे भिंतीला धरते, नावं पटकन आठवत नाहीत म्हणून चिडते, पण चिडते ती अगदी आधीसारखीच.

डिस्चार्जच्या कागदावर अशी ओळ आलीय, तशीच उतरवते: ‘मॉडिफाइड फिशर २, एका वाचकाच्या मते ४. डाव्या सिल्व्हियन सिस्टर्नमध्ये थर जास्तीत जास्त ३ मिमी, सिस्टर्न अंशतः भरलेली. दोन्ही व्हेंट्रिकलमध्ये रक्त. मूळ रिपोर्टमधील ग्रेड ४ जुन्या फिशर पट्टीनुसार.’ सहा महिन्यांनी अँजिओग्राफी आहे, फुगा पूर्ण बंद राहिलाय का ते पाहायला. सीडी आणि हा कागद एकाच पाकिटात घालून कपाटात ठेवलाय, वर मावशीच्या हाताने तारीख घातलीय.